आडवायलंय कोण?

आमच्या गणिताच्या बाईंच्या घरी दोनच कप होते, आणि त्यातला एक त्यांचा स्वतःचा होता. त्यामुळे एका वेळी एकच पाहुणा. दोघी गेल्या तर बाई दुसरीला दारातच थांबवायच्या. "चहापत्ती हाय, दूध हाय, साखर हाय. कप आडवायलाय. अर्ध्या घंट्यानं ये." बोलण्यात राग नाही, लाज तर मुळीच नाही. गावातल्या बायका आधी फुरंगटल्या. मग एकदा हेडमास्तरांच्या पत्नी स्वतःचा कप पदराआड धरून गेल्या, तेव्हा बाई टाळी वाजवून म्हणाल्या, "क्या बात है! आता तिघी." तेव्हापासून बाईंकडे जाताना घरून कप न्यायचा, अशी आमच्या गावात रीतच पडली.

कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात, भालकीहून खटकचिंचोळीच्या पुढं गेलं की आमचं गाव लागतं. तिथल्या मराठी हायस्कुलात बाई गणित शिकवायला आल्या त्या औरादकडून. लुगड्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, कानामागे खडू आणि बारा महिने काखेत छत्री. ती छत्री त्यांनी पावसात उघडलेली मी पाहिली नाही. ती फळ्यावर दाखवायला आणि कुत्री हाकलायला होती. आजोळ तेलुगू, म्हणून मोजायच्या तेलुगूत. शिकवायच्या मराठीत. रागावल्या की कानडी. "सुम्म कूडू!" असं ओरडल्या की भिंतीवरची पालसुद्धा गप्प व्हायची. आणि फार आनंद झाला तर उर्दू. त्यामुळे बाईंचा मूड कळायला तोंडाकडे बघायची गरज नव्हती, भाषा ऐकली की पुरे. लग्न केलेलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी बहुतेक फळ्यावर मांडून दाखवलं असतं.

पुस्तकातली गणितं त्यांना आवडत नसत. "ही गणितं लई शहाणी हायत," म्हणायच्या. "कितीबी वाटा, बरोबर पुरतंय. असं कुणाच्या घरी हुतंय का?" मग पुस्तकातले आकडे खोडून त्या आपले घालायच्या, म्हणजे कुठलीतरी वस्तू आधी संपायची आणि बाकीच्या उरून बसायच्या. आठवीच्या पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर पाच डबे आणि तीन झाकणं मांडली. "झाकण लावलेले डबे किती हुतील?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आठ." बाई हसल्या नाहीत. एक झाकण उचलून त्या पोराच्या कानाशी धरलं. "झाकणाला विचार. ते काय म्हनायलंय?"

मला मात्र लख्ख आठवतं ते मिरचीचं गणित. एका ताटात दोन भाकरी, एक वांगं, तीन मिरच्या. घरात भाकरी पन्नास, वांगी वीस, मिरच्या पंचेचाळीस. तर ताटं किती? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "वीस!" कारण वांगी सगळ्यांत कमी होती. बाईंनी छत्रीनं मलाच उठवलं. मी बाकाची कड धरून उभी राहिले.

"घाबरू नको. एकेकाला येगळं बोलवायचं. भाकरीला म्हन, बाकी सगळं भरपूर हाय असं समज, तू एकटी किती ताटं देतीस?"

"पंचवीस."

"वांग्याला विचार."

"वीस."

"आता मिरचीला."

मी मनात भागाकार केला आणि थबकले. "पंधरा."

"मग? आडवायलंय कोण?"

"मिरची, बाई."

"मिरची!" बाईंनी छत्री आपटली. "घरात वांग्याच्या दुपटीवर मिरच्या. तरी पंगत आडवली मिरचीनं. कामून? तर एकेका ताटाला तीन लागायल्यात. कमी दिसतंय तेच आडवतंय असं न्हाई रे पोरांनो. किती हाय त्ये बघायचं आन् किती लागतंय त्येबी बघायचं." मग नेहमीचा शेवटचा प्रश्न, ज्याच्याशिवाय त्या गणित पुसू द्यायच्या नाहीत: "उरलं काय? आन् त्याचं करायचं काय?" वीस भाकरी आणि पाच वांगी उरली होती. एकानं सांगितलं, गाईला घालू. दुसरा म्हणाला, आणखी मिरच्या आणू. बाईंनी दोघांनाही गुण दिले.

शाळेपुरतं हे वेड ठेवलं असतं तर त्या गावाला नुसत्या चांगल्या शिक्षिका वाटल्या असत्या. पण त्या ठेवत नसत. जत्रेच्या महाप्रसादाला, म्हणजे डाळ-तांदळाच्या हुग्गीला, एका वर्षी भरउन्हात माणसं ताटकळली. पुजारी ओरडत होते, आणखी तांदूळ चढवा, आणखी डाळ आणा. बाई पंगतीभोवती एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "हुग्गीच्या कढया भरून हायत. माणसं बसून हायत. वाढायच्या बादल्या दोन हायत. तांदूळ कामून चढवायलात?" पुजाऱ्यांना ते फारसं रुचलं नाही. बाईंनी त्यांच्या होकाराची वाट न बघता आम्हा पोरींना घरोघर पिटाळलं. कळश्या, दुधाचे कॅन, जे हाती लागेल ते आणलं आणि पंगत सरसर उठली. पुजारी वर्षभर बाईंशी बोलले नाहीत. पुढच्या जत्रेला मात्र देवळानं बादल्या नव्या घेतल्या.

त्यांचं चुकायचंही. एकदा शाळेच्या नाटकात पोरं वाक्यं विसरायची म्हणून बाईंनी शोध लावला की तालमी कमी पडतात. तालमी वाढवल्या. पोरं तरी विसरलीच, कारण खरं अडत होतं ते हे, की बाई समोर बसलेल्या असायच्या. हे त्यांना कुणी सांगू शकलं नाही.

मी एसएसएलसी, म्हणजे दहावी, पास झाले त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. आम्ही मेंढरंवाले. आजोबांच्या काळात मोठा कळप होता. आता थोडी मेंढरं आणि तुरीपुरती कोरडवाहू जमीन. अप्पा, म्हणजे माझे वडील, बाजेवरून उठून उभे राहिले. बाई ज्वारीच्या पोत्यावर बसल्या.

"हिला भालकीला पाठवायचं, अण्णा. पीयूसी, अकरावी-बारावी. सायन्स."

"शिकली तेवढं बस झालं, बाई. जमत न्हाई आमाला."

"काय जमत न्हाई?"

"सगळंच."

"सगळं कधीच नसतंय," बाई म्हणाल्या. "एकेक सांगा. समजा बाकी सारं जमलं. मग फीचं आडलंय का?"

"न्हाई. सवलत हाय म्हनत्यात."

"मेंढरं कोण राखतंय?"

"मी हाय की. धाकटा हाय."

"घरचं काम?"

"तिची माय करती."

"लगीन ठरवायलात?"

"अजून न्हाई."

"मग आडवायलंय कोण, अण्णा?"

अप्पा दाढी खाजवत बसले. मला वाटलं, आता ते चिडणार. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. नाही म्हणायची सवय होती. का नाही, हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तेवढ्यात आतून, चुलीपुढून, मायचा आवाज आला. ती परक्या माणसापुढं सहसा बोलत नसे.

"एकटी पोर बसमदी कशी जाईल, बाई? खटकचिंचोळीपस्तोर बस रिकामी असती. कुणी काय बोललं, काय केलं, तर तिनं कुणाकडं बघायचं?"

बाई ताडकन उठल्या. "बिलकुल! ह्येच आडवायलंय!" त्यांना इतका आनंद झाला की मायला वाईट वाटायच्या ऐवजी हसूच आलं. "एकटी न्हाई गेली तर?"

"दोघी-तिघी असल्या तर बघू," अप्पा म्हणाले.

"बघू न्हाई. दोघी का तिघी?"

अप्पांनी विचार केला. "तिघी. दोघीतली एक आजारी पडली तर पुन्हा एकटीच की."

"वा!" बाई म्हणाल्या. "तिघी. ठरलं." आणि चहा न घेता, बूट वाजवत, त्या अंगणातून निघून गेल्या.

त्या आठवड्यात बाईंनी जे केलं ते मला पुढं तुकड्या-तुकड्यांनी कळलं. रुक्मिण आणि महादेवी माझ्याच वर्गातल्या. रुक्मिणचं अडत होतं पाण्यावरून. नळाला पाणी सकाळी, बसच्याच वेळेला यायचं, आणि भरणारी ती एकटी. तिच्या भावानं कधी घागर उचलली नव्हती. बाईंनी त्याला बोलावून एवढंच विचारलं, "तुझ्या हाताला काय झालंय?" दुसऱ्या दिवसापासून तो घागरी वाहू लागला, चेहरा मात्र आंबट करून.

महादेवीचे वडील हैदराबादला बांधकामावर होते. तेव्हा आमच्याकडचं निम्मं तरणं गाव हैदराबादला नाहीतर पुण्याला होतं, आणि मागं राहिलेल्या बायकांच्या हाती निर्णय नव्हते. महादेवीची आई म्हणायची, "मालकाला विचारल्याबगर मी कसं सांगू?" म्हणजे तिथं अडवत होता तो होकार, आणि होकार हैदराबादेत. गावात एसटीडीचं बूथ नुकतंच झालं होतं. कामाजवळच्या एका दुकानात निरोप ठेवून बाईंनी महादेवीच्या वडिलांना फोनवर बोलावलं. काचेच्या त्या खोक्यात उभ्या राहून त्या अशा ओरडल्या, की फोन नसता तरी हैदराबादला ऐकू गेलं असतं. "तुमची पोरगी तिसरी हाय! दोघी तयार हायत! तिसरीवाचून दोघींचं आडलंय! हौ म्हना!" पलीकडून "हौ" आलं.

गंमत अशी, की बाईंनी हेच वाक्य तिन्ही घरी सांगितलं होतं. आमच्याकडे पुन्हा येऊन सांगितलं, रुक्मिण आणि महादेवी तयार आहेत. रुक्मिणकडे सांगितलं, महादेवी आणि मी तयार आहोत. तयार कुणीच नव्हतं. गणितात एक पायरी गाळली तर अर्धे गुण कापणाऱ्या बाई! पुढं कधीतरी अप्पांनी हसत हसत हे त्यांच्यापुढं काढलं, तर म्हणाल्या, "खोटं न्हाई बोलले. थोडं आगाव बोलले."

पहिल्या दिवशी आम्ही तिघी बसला उभ्या राहिलो तेव्हा निम्मं गाव बघायला आलं होतं. बाई नव्हत्या, त्यांचा तास होता.

दिवाळीनंतर महादेवीचं लग्न ठरलं. स्थळ सोलापूरकडचं. बाई तिच्या घरी जाऊन आल्या, पुन्हा गेल्या, आणखी एकदा हैदराबादला फोन केला. एकेकाला वेगळं बोलावून विचारलं: मुलगा, वय, जमीन, घाई कशाची. पण या वेळी सगळ्यांचीच उत्तरं तयार होती आणि सगळी एकच होती: वय झालंय, स्थळ चांगलंय. अक्षता पडल्या त्या दिवशी बाई मांडवात एका कोपऱ्यात बसून होत्या. मी जवळ गेले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्ये मला सुटलं न्हाई." मराठीत, हळू आवाजात. बाईंच्या तोंडून हे वाक्य मी एकदाच ऐकलं.

आणि आम्ही दोघीच राहिलो. अप्पांनी सांगितलं, "ठरलं हुतं तिघींचं." त्यात कपट नव्हतं. आकडा त्यांनी विचार करून दिला होता आणि बाईंनी तो वा म्हणून घेतला होता. आता बाईंनाच तो मोडता येईना. मी घरी बसले. मेंढरांमागं जाताना बसचा भोंगा ऐकू यायचा, आणि मी उगाच ढेकळं फोडत राहायची. रुक्मिणच्या घरी तर घागर पुन्हा तिच्या डोक्यावर आली होती.

असेच काही दिवस गेले आणि एका सकाळी बाई दारात आल्या. सोबत गावातल्या शांतव्वा आक्का, डोक्यावर दह्याची मडकी. उंच, हाडकुळी बाई. आवाज असा, की बाजारात तिच्याशी घासाघीस करायला कुणी धजायचं नाही.

"ही तिसरी," बाई म्हणाल्या.

अप्पांना काही उमजेना. "शांतव्वा आक्का? ह्या कालेजला जाणार?"

"भालकीला जाणार. दही इकायला. आतापस्तोर शेजारच्या गावात इकायची, आता भालकीला इकंल. तितं गिऱ्हाईक जास्ती हाय, इचारा तिला. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्यानं यायचं. तुमी तिघी म्हनला हुतात, अण्णा. तिघी पोरीच पायजेत, असं कुठं म्हनला हुतात?"

शांतव्वा आक्का खणखणीत आवाजात म्हणाली, "कोण बोलतंय बघते की पोरींला! ह्ये मडकं घालीन डोक्यात." मग लगेच माझ्याकडे वळून, "पर एकेक मडकं तुमीबी धरायचं. फुकट न्हाई."

अप्पा आधी गालात हसले, मग मोठ्यानं हसले, मग बाजेवर बसून डोळे पुसत हसले. माय आतून माझी पिशवीच घेऊन बाहेर आली. ती तिनं भरूनच ठेवली होती.

तर अशी मी दीड वर्ष मांडीवर दह्याचं मडकं घेऊन कॉलेजला गेले. पुस्तकांना आंबूस वास यायचा. प्रयोगशाळेत मुलं नाकं मुरडायची. रस्त्याला खड्डा आला की आधी मडकं सांभाळायचं, मग स्वतःला. पण त्या बसमध्ये आमच्याकडे कुणी दुसऱ्यांदा वाकडी नजर टाकली नाही. एकानं एकदा रुक्मिणच्या ओढणीला हात लावला, तर शांतव्वा आक्कानं त्याला कानडीत जे सुनावलं ते ड्रायव्हरनं गाडी थांबवून ऐकलं. शांतव्वा आक्काचं दही भालकीत असं खपू लागलं की पुढं तिनं आणखी एक म्हैस घेतली. बाईंचे उपकार मानायला ती जी सुरुवात करायची, ती आमच्यावर केलेल्या स्वतःच्या उपकारांवर येऊन थांबायची. दोन्ही खरे होते.

आज मी कलबुर्गीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. सकाळी वॉर्डात आरडाओरडा असतो, सगळंच कमी आहे असं ज्याला त्याला वाटत असतं. मी एकेकाला वेगळं विचारत जाते. खाटा आहेत, सलाइन आहे, माणसं आहेत. कधी कधी नुसता स्टँड नसतो. तो शेजारच्या वॉर्डातून ओढून आणला की सकाळ सुरू होते. रुक्मिण हुलसूरकडे शिक्षिका आहे आणि तिचा तो भाऊ अजून पाणी भरतो, आता बायकोसाठी. महादेवी मला एकदा सोलापूरच्या स्टँडवर भेटली. आम्ही बराच वेळ हात धरून उभ्या होतो. तिनं बाईंची चौकशी केली. "माझ्यासाठी लई पळल्या गं त्या," म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण तिची बस येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

बाईंची बदली झाली ती माझी पीयूसी झाली त्याच उन्हाळ्यात. आळंदकडची कुठलीशी शाळा. त्या कुणाकडून काही घेत नसत. निरोपाला बायकांनी आणलेले खण, नारळ, लाडवांचे डबे त्यांनी एकेक करून परत केले. "ट्रंक एक हाय आन् ती भरली," एवढंच म्हणायच्या. माणसं हिरमुसून मागं सरायची.

बस यायच्या बेतात असताना अप्पा रानातून आले, घामानं निथळत. काखेत नवं काळं घोंगडं. ते बाईंशी स्वतःहून फारसं कधी बोलत नसत. घोंगडं दोन्ही हातांवर आडवं धरून ते उभे राहिले.

"बाई, आमच्याच मेंढरांची लोकर हाय. ह्या पोरीनं राखलेल्या. न्हाई म्हनू नका."

बाईंनी घोंगड्याकडे पाहिलं, मग ट्रंकेकडे. "अण्णा, मे महिना हाय."

"व्हय. थंडी यीलच की."

"ट्रंकेत बसत न्हाई."

अप्पा तसेच हात पुढं करून उभे राहिले. मग बाईंनी घोंगडं घेतलं, झटकलं, आणि त्या भर उन्हात खांद्यांवरून पांघरून घेतलं. दोन्ही टोकं छातीशी घट्ट धरून त्या बसमध्ये चढल्या. आत लोक हसले. कंडक्टर म्हणाला, "काय बाई, ताप आलाय का?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. "आहेर आलाय."

त्या खिडकीशी बसल्या. कपाळावरून घामाचे ओघळ वाहत होते, चेहरा लालबुंद झाला होता. हात हलवायची त्यांना सवय नव्हती. समोर बघत होत्या. बस सुटली, धुरळा उठला, वळणाच्या पलीकडे जाईपर्यंत खिडकीत ते काळं घोंगडं दिसत होतं. त्यांनी ते काढलं नव्हतं.

"उकडायलं असंल गं बाईंला," अप्पा म्हणाले.

मी घरी चला म्हटलं. मेंढरं रानात मोकळी होती. तरी धुरळा पार बसेपर्यंत अप्पा तिथून हलले नाहीत.